पाय एक, पॅड चार

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जावरचं व्याज वहीत कसं मांडायचं ते पाहिलं. आजचा विषय अगदी वेगळा आहे. आज बोलायचंय गाडीच्या ब्रेकबद्दल. "ते मिस्त्रीचं काम, आपल्याला काय करायचंय" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. काही गटांनी माल न्यायला स्वतःची चारचाकी घेतली आहे, बाकीच्या आपण भाड्याच्या गाडीनं जातो. गाडी कुणाचीही असो, घाटात जीव आपलाच असतो. आणि गाडी गटाची असेल तर दुरुस्तीचा पैसा बचतीतूनच जातो.

हा विषय सुचला आमच्या गावातल्या एका गटात घडलेल्या गोष्टीवरून. ती आधी सांगते.

या गटाकडे एक जुनी छोटी व्हॅन आहे. नाचणीचे पापड, कुळथाचं पीठ, लोणची असा माल घेऊन सहा-सात जणी आठवड्यातून एकदा चिपळूणला जातात. आमचा पाटण तालुका घाटावर, चिपळूण खाली कोकणात, आणि मधे कुंभार्ली घाट. गाडी गटातलीच एक ताई चालवते. रीतसर शिकून, लायसन्स काढून चालवते.

गेल्या पावसाळ्यात घाट उतरताना करपल्यासारखा वास यायला लागला. खाली सपाटीला गाडी थांबवली, तर पुढचं डावं चाक इतकं तापलेलं की जवळ हात धरवेना. परत आल्यावर गाडी गॅरेजात नेली. मिस्त्री म्हणाला, ब्रेकचे पॅड संपलेत. नवा संच टाकला, पैसे दिले. पाच महिने झाले नाहीत तोच पुन्हा तोच वास, पुन्हा चाक गरम, पुन्हा नवा संच. या वेळी मिस्त्रीनं वर एक वाक्यही ऐकवलं, "बाई चालवते ना गाडी? ब्रेकवरचा पाय उचलत नसणार."

झालं. ते वाक्य गटाच्या बैठकीत आलं. दोनदा पॅड बदलले, दोन्ही वेळा पैसे गटाचे गेले. कुणी म्हणालं, पगारी ड्रायव्हर ठेवू, पुरुष माणूस बघू. चालवणारी ताई गप्प बसून होती. तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की आपलं काहीतरी चुकतंय. बैठकीच्या वहीत लिहिलंसुद्धा गेलं, 'चालकाच्या चुकीमुळे झालेला खर्च'.

मग एकीच्या ओळखीनं गाडी दुसऱ्या मिस्त्रीदादांना दाखवली. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काढलेले जुने पॅड कुठे आहेत?" नशिबानं ते नव्या पॅडच्या खोक्यात घालून सीटखाली टाकलेले होते. दादांनी चारही पॅड फरशीवर ओळीनं ठेवले. तीन पॅडवर सहा-सात मिलिमीटर थर शिल्लक होता. चौथा मात्र पार लोखंडापर्यंत घासलेला. त्याच्या आकारावरून तो आतल्या बाजूचा आहे हे कळत होतं, आणि तापत होतं ते चाक डावं होतं.

दादा म्हणाले, "ताई, पाय एक आहे आणि पॅड चार. पायाची चूक असती तर चारही झिजले असते. इथं एकच झिजलाय. दोष पायात नाही, चाकात आहे."

आज मला तुम्हाला एवढंच समजावून सांगायचं आहे, की दादा असं कशावरून म्हणाले.

ब्रेक चाकाला धरतो कसा

पुढच्या चाकाच्या आत चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी थाळी असते. तिला डिस्क म्हणतात. डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो, एक गाडीकडच्या आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या बाजूला. पॅड म्हणजे लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला घासणारा थर. ब्रेक दाबला की हे दोन पॅड फिरत्या डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरतात. ज्या लोखंडी पकडीत ते बसतात तिला कॅलिपर म्हणतात. दोन चाकांचे मिळून चार पॅड झाले. बहुतेक लहान गाड्यांना डिस्क फक्त पुढे असते. मागच्या चाकांना ड्रम असतो, त्याची रचना वेगळी आहे.

पायानं पेडल दाबलं की ब्रेक ऑईलवर दाब येतो आणि तो नळ्यांमधून चाकांपर्यंत जातो. बंद जागेतल्या द्रवाला दाबलं तर तो दाब सगळीकडे सारखा पोचतो. हा नियम १७व्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानं मांडला, शाळेत आपण तो शिकलो आहोत. म्हणजे पाय जोरात पडो की हळू, पुढच्या डाव्या आणि उजव्या चाकाला दाब सारखाच मिळतो. ताईनं ठरवलं तरी तिला एकाच चाकाचा एकच पॅड झिजवता येणार नाही.

मग एकच पॅड कसा झिजतो? त्यासाठी एक गंमत करून बघा. शेजारी कुणी असेल तर तिला एक ताट घट्ट उभं धरायला सांगा. तुमचा अंगठा ताटाच्या अलीकडे आणि चार बोटं पलीकडे राहू द्या, पण बोटं ताटाला लावू नका. आता फक्त अंगठ्यानं ताट दाबा. ताट हलत नाही, म्हणून तुमचा हातच मागे सरकतो आणि पलीकडची बोटं आपोआप ताटाला येऊन टेकतात. दाबलं फक्त अंगठ्यानं, पण ताट दोन्हीकडून धरलं गेलं.

बहुतेक लहान गाड्यांचा कॅलिपर असाच असतो. अंगठ्याच्या जागी पिस्टन आहे. तो आतल्या बाजूला एकच असतो आणि आतल्या पॅडला ढकलतो. त्या जोरानं कॅलिपर मागे सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो. आता तोच प्रयोग पुन्हा करा, पण या वेळी कुणाला तरी तुमचं मनगट घट्ट धरायला सांगा. हात सरकत नाही. अंगठा एकटाच ताट दाबत राहतो, बोटं लांबच राहतात. आमच्या व्हॅनच्या डाव्या चाकात हेच झालं होतं.

कॅलिपर सरकावा म्हणून त्याला दोन गुळगुळीत पिना असतात. त्यांच्यावर ग्रीस असतं आणि पाणी-माती जाऊ नये म्हणून रबराची टोपी असते, तिला बूट म्हणतात. रबर जुनं होऊन चिरलं की आत पाणी आणि चिखल शिरतो. आमच्याकडे कोयनेच्या खोऱ्यात किती पाऊस पडतो ते तुम्हाला माहीत आहे. पिनेला गंज चढतो, ग्रीस सुकून कडक होतं आणि पिन जाम होते. जात्याचा मधला खिळा गंजून अडकला तर पाळू फिरेल का? तसंच आहे हे.

आणखी एक बारीक गोष्ट. पाय उचलल्यावर पिस्टन मागे कसा येतो? पिस्टनभोवती रबराची एक कडी असते, कुकरच्या झाकणातल्या गॅस्केटसारखी. दाब आला की ती किंचित पिळली जाते, दाब गेला की पूर्वीसारखी होते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. एवढ्यानं पॅड सुटतो. कडी जुनी झाली किंवा पिस्टनला गंज धरला, की पिस्टन मागे येत नाही. मग पाय ब्रेकवर नसतानाही पॅड डिस्कला घासत राहतो. वास येतो, चाक तापतं, पेट्रोलही जास्त लागतं.

जुने पॅड काय सांगतात

चपलेची टाच एका बाजूनं झिजली तर चांभार सांगतो, तुमचं पाऊल वाकडं पडतंय. पॅडचंही तसंच आहे. म्हणून गाडी गॅरेजात गेली की पहिली गोष्ट, जुने पॅड मागून घ्या. काढतानाच प्रत्येकाच्या मागे खडूनं लिहून घ्या: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. नंतर ओळखायला कठीण जातं.

मग मुलांच्या कंपासमधली पट्टी घ्या आणि थर मोजा. लोखंडी पट्टी मोजायची नाही, फक्त घासणारा थर मोजायचा. पॅडच्या दोन्ही टोकांना मोजा. लहान गाडीच्या नव्या पॅडवर हा थर साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो, गाडीगणिक थोडा कमी-जास्त. ३ मिलिमीटर उरला की बदलायची तयारी करायची. आतल्या आणि बाहेरच्या पॅडमध्ये एक-दोन मिलिमीटरचा फरक असला तर काळजी नाही, आतला थोडा जास्त झिजतोच. फरक त्याहून मोठा असेल तर कारण शोधायचं.

आता झीज कशी आहे त्यावरून कारण कसं ओळखायचं ते सांगते. शक्य असेल तर वहीत लिहून घ्या.

पहिला प्रकार, एकाच चाकाचा आतला पॅड पुष्कळ झिजला आणि बाहेरचा तसाच आहे. पिना जाम झाल्यानं कॅलिपर सरकत नाही, नाहीतर पिस्टन मागे परतत नाही. हा प्रकार बराच आढळतो.

दुसरा प्रकार, बाहेरचा पॅड जास्त झिजला. इथं कॅलिपर सरकून पॅड दाबतो, पण पाय उचलल्यावर परत मोकळा होत नाही. याही वेळी पिनांकडे आधी बघायचं.

तिसरा प्रकार, एकच पॅड पण एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा. दोनपैकी एकच पिन जाम असेल तर कॅलिपर तिरका ओढला जातो आणि पॅड असा झिजतो. पॅडच्या दोन टोकांना जे कान असतात ते गंजलेल्या खाचेत अडकले तरी असं होतं.

चौथा प्रकार, एका चाकाचे दोन्ही पॅड संपले आणि दुसऱ्या चाकाचे दोन्ही जाड आहेत. इथं दोन शक्यता आहेत. संपलेल्या बाजूचा ब्रेक सुटत नसेल, किंवा जाड राहिलेल्या बाजूचा ब्रेक लागतच नसेल आणि सगळा भार एकाच चाकावर पडत असेल. म्हणून दोन्ही चाकं उघडून बघायला सांगायचं. यात एक छुपं कारण असतं, ब्रेकचा रबरी पाईप, ज्याला होज म्हणतात. तो बाहेरून चांगला दिसतो पण आतून फुगलेला असतो. पाय दाबला की जोरानं ऑईल पुढे जातं, पण पाय उचलल्यावर परत येत नाही. तपासायची रीत सोपी आहे. चाक जाम असताना मिस्त्रीनं कॅलिपरवरचा निप्पल सैल केला, ऑईल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकलेला होता, म्हणजे होजकडे संशय. ऑईल निघूनही चाक जामच राहिलं, तर पिस्टन किंवा पिना जाम आहेत.

पाचवा प्रकार, चारही पॅड सारखेच झिजलेत पण फार लवकर. इथं मात्र चालवण्याच्या सवयीकडे बघायला हरकत नाही. उतारावर सतत ब्रेकवर पाय, जास्तीचा भार, न्यूट्रलमध्ये घाट उतरणं, ही कारणं असू शकतात. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. इंजिन बंद करून तर कधीच उतरायचं नाही, कारण मग पेडल जड होतं आणि ब्रेक लागायला फार जोर द्यावा लागतो. पण सवयीला दोष देण्याआधी मागचे ब्रेकही तपासायला सांगा. मागच्या ड्रमचे ब्रेक नीट लागत नसतील तर त्यांचंही काम पुढच्या पॅडवर पडतं आणि तेही लवकर संपतात.

गाडी न उघडता काय दिसतं

पॅड संपत आल्यावर आवाज करावा म्हणून बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. थर पातळ झाला की ती डिस्कला घासते आणि चीं-चीं असा आवाज येतो. पण ती प्रत्येक पॅडला असेलच असं नाही. जीभ एका पॅडला आणि संपतोय दुसराच, असं झालं तर आवाज येणारच नाही. म्हणून आवाजाच्या भरवशावर राहू नका. खरखर आवाज आला तर लोखंडावर लोखंड घासतंय असं समजा आणि गाडी पुढे नेऊ नका.

गाडी चालताना लक्ष ठेवा. ब्रेक दाबल्यावरच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दुसऱ्या बाजूचा ब्रेक कमी लागतोय. ब्रेक न दाबताही ओढत असेल आणि टायरमधली हवा ठीक असेल, तर ज्या बाजूला ओढते त्या चाकाचा ब्रेक सुटत नसावा.

सपाट रस्त्यावर थोडं चालवून, शक्यतो ब्रेक न लावता गाडी थांबू द्या. मग दोन्ही पुढच्या चाकांजवळ हाताची मागची बाजू धरून बघा. टेकवू नका, चटका बसेल. एक चाक साधं आणि दुसरं तापलेलं असेल तर खूण पटली. तापलेल्या चाकावर पाणी मात्र ओतू नका, त्यानं डिस्क वाकडी होऊ शकते. एका चाकावर काळी भुकटी जास्त दिसते का, तेही बघा. ती पॅडचीच झीज असते.

बॉनेटखाली ब्रेक ऑईलचा डबा असतो. पॅड झिजतात तसे पिस्टन पुढे येतात आणि डब्यातली पातळी हळूहळू उतरते. पातळी उतरली की नुसतं वरून ऑईल ओतू नका. आधी पॅड बघा, मग कुठे गळतं का ते बघा.

दुरुस्ती करताना समोर उभ्या राहा

ब्रेकचं काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं. आपण मिस्त्री व्हायचं नाही. पण काम चाललेलं असताना समोर उभं राहायचं आणि काय व्हायला हवं ते माहीत असायचं.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू देऊ नका. खाली घोडी लागलेली हवी आणि मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळा. चाक काढल्यावर कॅलिपर सोडवतात, तेव्हा तो रबरी पाईपवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं किंवा दोरीनं वर बांधायचा. नाहीतर पाईप आतून तुटतो. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवायची नाही. ती छातीत गेलेली वाईट. ओल्या फडक्यानं पुसायची. पोरंबाळं जवळ असतील तर लांब पाठवा.

मग मुख्य काम. दोन्ही पिना बाहेर काढायला सांगा. बोटानं सहज सरकायला हव्यात. गंज थोडा असेल तर बारीक पॉलिश पेपरनं जातो, खड्डे पडले असतील तर पिन नवीन घ्या. पिन जिथं बसते ते भोकही आतून साफ व्हायला हवं. चिरलेले बूट बदला. काही गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगवेगळी असते, त्यांची अदलाबदल होता कामा नये.

ग्रीस कुठलं लावतात याकडे लक्ष द्या. ब्रेकच्या पिनांसाठी उष्णता सोसणारं, रबराला न खाणारं सिलिकॉनचं ग्रीस मिळतं, तेच हवं. साधं काळं ग्रीस, इंजिन ऑईल किंवा शिलाई मशीनचं तेल चालत नाही. त्यानं रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. पॅडच्या घासणाऱ्या थराला आणि डिस्कला तर कुठलंच तेल-ग्रीस लागता कामा नये. लागलं तर ब्रेक लागणार नाही.

पॅडचे कान ज्या खाचेत बसतात ती तारेच्या ब्रशनं घासून घ्या. नवा पॅड तिथं हातानं सरकायला हवा. हातोडीनं ठोकून बसवत असतील तर थांबवा. ठोकून बसवलेला पॅड परत सुटणार कसा?

त्यानंतर पिस्टन. तो क्लॅम्पनं हळूहळू आत ढकलतात. तेव्हा ब्रेक ऑईलच्या डब्याचं झाकण उघडं ठेवतात, कारण पातळी वर येते. ऑईल सांडलं तर लगेच पुसून पाण्यानं धुवा, ते रंग खातं. पिस्टन एकसारखा आत गेला तर ठीक. अडकत गेला, किंवा त्याच्या बुटाखाली ओल दिसली, तर सील किट टाकावं लागतं. आतून फार गंजला असेल तर कॅलिपरच बदलावा लागतो.

डिस्कही बघा. किती पातळ चालेल ते बऱ्याच डिस्कवर कोरलेलं असतं. त्याहून पातळ झाली किंवा खोल चरे पडले तर ती बदलायची. डिस्क आणि पॅड बदलताना नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. एका चाकाला नवे आणि एका चाकाला जुने ठेवले तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढेल.

ब्रेक ऑईलचं वयही विचारा. हे ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ या नेहमीच्या प्रकारचं नवं ऑईल मानकाप्रमाणे किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ब्रेक तापला आणि ऑईल उकळलं की वाफ होते. वाफ दाबली जाते, पुढे दाब पोचत नाही, आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलायचं.

निघण्याआधी

काम झालं की गाडी लगेच हलवायची नाही. आधी पेडल चार-सहा वेळा दाबायचं. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल रिकामं खाली जातं. ते कडक लागेपर्यंत दाबा. डब्यातली पातळी बघा. चाकाचे नट समोरासमोरचे आवळलेत का बघा. मग रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक लावून बघा. पहिले दोनेकशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका, नवा थर डिस्कवर नीट बसायला वेळ लागतो.

आमच्या व्हॅनच्या डाव्या कॅलिपरची खालची पिन काढायला दादांना अर्धा तास लागला. ती अक्षरशः रुतली होती, बूट फाटलेला होता. वरची पिनही कोरडी. दोन नव्या पिना, बूट, थोडं ग्रीस आणि मजुरी. एका पॅड संचापेक्षा कमी खर्चात काम झालं. आधीच्या दोन्ही वेळी पॅड बदलले, पण पॅड का संपले हे कुणी पाहिलंच नव्हतं. दादांनी उजवीकडच्या पिनाही काढून साफ करून दिल्या. तेव्हापासून गाडी पूर्ण एक पावसाळा घाट चढ-उतर करते आहे. परवा मोजले तेव्हा चारही पॅड एकमेकांच्या मिलिमीटरभर आत-बाहेर होते.

गटासाठी चार कामं

पहिलं, गाडीची एक वेगळी वही करा. दर सहा महिन्यांनी आणि पावसाळा संपल्यावर नक्की, चारही पॅडची जाडी लिहा. दुसरं, दरवर्षी पिना काढून साफ करून ग्रीस लावून घ्या, पॅड चांगले असले तरी. तिसरं, पॅड बदलले की जुने घरी आणा, पुढचा संच येईपर्यंत टाकू नका. चौथं, बिल देण्याआधी मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा, "पॅड बदललेत, पण हे असे का झिजले?" चांगला मिस्त्री या प्रश्नावर चिडत नाही, खाली बसून दाखवतो.

भाड्याच्या गाडीत बसणाऱ्या मैत्रिणींनो, वास आला, गाडी ओढायला लागली, तर ड्रायव्हरदादांना थांबायला सांगा. संकोच करू नका. दहा मिनिटं उशीर झाला तरी बाजार कुठे जात नाही.

आणि आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत काय झालं, तेही सांगते. अध्यक्ष काकूंनी वही उघडली, 'चालकाच्या चुकीमुळे झालेला खर्च' या ओळीवर रेघ मारली आणि तिच्याखाली लिहिलं, 'डाव्या कॅलिपरची पिन जाम झाल्यामुळे झालेला खर्च. चालकाचा दोष नाही.' सगळ्यांनी सह्या केल्या. ताई त्या दिवशीही फार काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "चिपळूणला उद्या सहाला निघू, उशीर करू नका."

बरं, मैत्रिणींनो, तुमच्या गटाची गाडी असेल तर या आठवड्यात एकदा तिचे पॅड बघून घ्या. काय सापडलं ते केंद्राला कळवा, पुढच्या भागात आपण त्यावर बोलू. नमस्कार.